ती तेथें कोण म्हणून राहणार?

गेल्या माघांत आमच्या पुतणीच्या लग्नाची बैठक आमच्याच घरीं झाली. स्थळ सर्व बाजूंनीं चांगलें होतें. मुलगा अभियंता, अमेरिकेंत न्यू जर्सी येथें नोकरीला, स्वभावानें शांत, घराणें परिचयाचें. पत्रिका जुळली होती, नाडीचा अडसर नव्हता, आणि देण्याघेण्याचा विषय दोन्ही घरांनीं आरंभींच निकालांत काढला होता. चहाफराळ झाला, पंचांग उघडलें आणि वैशाखांतले मुहूर्त कोणी मोठ्यानें वाचूं लागलें. इतक्यांत, एवढा वेळ लोडाला टेकून स्वस्थ बसलेले आमचे थोरले काका मुलाकडे वळले. काकांचें वय शहाऐंशी. चाळीस वर्षें वकिली करून ते निवृत्त झाले आहेत. ते म्हणाले, "बाळ, एक विचारतों, राग मानूं नकोस. आमची मुलगी तिकडे कोण म्हणून राहणार?"

क्षणभर कोणाला प्रश्नच कळला नाहीं. मुलाच्या आई हसून म्हणाल्या, "अहो काका, सून म्हणून, आणखी कोण म्हणून?"

काकाहि हसले. "तें आपल्या घरांत, विहीणबाई. मी विचारतों आहें तें त्या देशाच्या दप्तरांत."

मुलगा मात्र गंभीर झाला. तो म्हणाला, "आजोबा, हा प्रश्न मला आजवर कोणीं विचारला नाहीं, आणि खरें सांगायचें तर तो कोणीं विचारूं नये असेंच मला वाटत होतें. पण विचारलांत तें बरें केलेंत." पुढला तासभर पंचांग तसेंच उघडें पडून राहिलें. त्या तासांत जें ऐकलें, आणि पुढें महिनाभर वाचून व जाणत्यांना विचारून जें ध्यानांत आलें, तें आपल्यासारख्या इतर घरांच्याहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहें. आज आपल्या समाजांत असें घर विरळा, कीं ज्याची एक तरी लेक किंवा सून समुद्रापलीकडे नाहीं.

पाहुणा, बिऱ्हाडकरू आणि मालक

'तो अमेरिकेंत असतो' एवढें म्हटलें कीं सर्व कांहीं सांगून झालें, असें आपल्याला वाटतें. परंतु आपल्या जुन्या वाड्यांकडेच पाहा. एकाच दिंडीदरवाजानें जाणारींयेणारीं माणसें निरनिराळ्या नात्यानें तेथें राहत. चार दिवस उतरलेला पाहुणा, वर्षानुवर्षें भाडें भरणारा बिऱ्हाडकरू आणि वाटणीपत्रांत ज्याचें नांव आहे तो मालक, हे तिघेहि एकाच आडाचें पाणी पीत. रोजच्या व्यवहारांत फरक दिसत नसे. तो कळे घरांत तंटा उभा राहिला, कोणी दगावलें किंवा वाडा विकायला निघाला म्हणजे.

परदेशी सरकारच्या दप्तरांतहि हेच तीन वर्ग आहेत. ठराविक मुदतीपुरता व ठराविक कामासाठीं ज्याला प्रवेश मिळाला, तो पाहुणा; त्याच्या परवान्याला व्हिसा म्हणतात. ज्याला कायम वास्तव्याचा हक्क मिळाला तो बिऱ्हाडकरू. अमेरिकेंत ज्याला ग्रीन कार्ड म्हणतात तें हेंच. असा मनुष्य नोकरी करूं शकतो, घर घेऊं शकतो. पण राष्ट्रीय निवडणुकींत मत देऊं शकत नाहीं, फार काळ देशाबाहेर राहिल्यास हक्क गमावूं शकतो, आणि गंभीर गुन्हा घडल्यास त्याला देशाबाहेर काढतां येतें. नागरिक तो मालक. या तीन वर्गांखेरीज चौथा एक वर्ग आहे, आणि आपल्या बहुतेक नववधू त्यांतच मोडतात. पाहुण्याचें बोट धरून आलेला हा पाहुणा होय. त्याला स्वतःचें असें स्थान नाहीं. ज्याचें बोट धरलें त्याचा मुक्काम हलला, कीं याचाहि हलला.

पतीचा देश तोच पत्नीचा देश

प्रथम थोडा इतिहास सांगितला पाहिजे. त्यावांचून आजच्या नियमांचा रोख कळणार नाहीं.

आनंदीबाई जोशी १८८३ सालीं एकट्या अमेरिकेला गेल्या. त्यांचे पति गोपाळराव मागाहून त्यांना जाऊन मिळाले, आणि १८८६ च्या मार्चमध्यें आनंदीबाईंना वैद्यकीची पदवी मिळाली तेव्हां ते तेथें हजर होते. म्हणजे पत्नीमागून परदेशीं जाणारा पति हें दृश्य आपल्याला अगदींच नवें नाहीं. गोपाळरावांना त्या काळीं आजच्यासारखा व्हिसा लागला नाहीं. तिकिटाचे पैसे आणि प्रवासाचें धैर्य एवढें पुरे होतें.

पुढें दरवाजे बंद होऊं लागले. त्या काळच्या कायद्यांचें एक तत्त्व मोठें विलक्षण होतें: पतीचें राष्ट्र तेंच पत्नीचें राष्ट्र. इंग्लंडांत १८७० च्या कायद्यानें परकीयाशीं लग्न करणारी ब्रिटिश स्त्री परकीय ठरूं लागली. अमेरिकेनें १९०७ सालीं तोच नियम केला. कॅलिफोर्नियांतील एथेल मॅकेन्झी या बाई जन्मानें अमेरिकन होत्या. पण त्यांचे पति स्कॉटलंडचे. त्या मतदार म्हणून नांव नोंदवायला गेल्या, तेव्हां 'तुम्ही आतां अमेरिकन नाहीं' असें सांगून त्यांना परत पाठविण्यांत आलें. १९१५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानेंहि हाच निकाल कायम केला. बाई देश सोडून कोठें राहायला गेल्या नव्हत्या. केवळ लग्नामुळें त्या परक्या ठरल्या.

१९२२ च्या कायद्यानें अमेरिकेनें स्त्रीचें नागरिकत्व पतीपासून वेगळें केलें. परंतु एक खोच ठेवली: ज्याला अमेरिकेचा नागरिकच होतां येत नाहीं अशा पुरुषाशीं लग्न केल्यास पत्नीचें नागरिकत्व जाई. पुढच्याच वर्षीं, १९२३ सालीं, भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत न्यायालयानें ठरविलें कीं हिंदी मनुष्य 'गोरा' नसल्यामुळें तो नागरिकत्वाला अपात्र आहे. बंगाली क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या अमेरिकन पत्नी मेरी यांना या खोचेचा जाच सोसावा लागला. ती पुढें १९३१ सालीं काढून टाकण्यांत आली.

त्याच निकालाची दुसरी झळ वैष्णोदास बगाई यांच्या घराला लागली. १९१५ सालीं ते पत्नी कला आणि तीन मुलगे यांसह सॅन फ्रान्सिस्कोला गेले. तेथें दुकान घातलें, नागरिकत्वहि मिळविलें. थिंद यांच्या निकालानंतर तें नागरिकत्व काढून घेण्यांत आलें, आणि १९२८ सालीं बगाई यांनीं निराशेनें आपला जीव दिला. त्यांच्या विधवेनें परक्या देशांत, परक्या भाषेंत मुलांना वाढविलें व शिकविलें. हिंदी लोकांना नागरिकत्वाचें दार उघडणारा कायदा १९४६ सालीं झाला. तोंपर्यंत त्यांना थांबावें लागलें. त्या कायद्यानेंहि नव्यानें येणाऱ्या हिंदी माणसांची वार्षिक संख्या ठरविली, ती अवघी शंभर.

याहून मूळचा घाव दक्षिण आफ्रिकेंत घातला गेला. १४ मार्च १९१३ रोजीं केप येथील न्यायाधीश सर्ल यांनीं निकाल दिला कीं, ज्या धर्मांत एकाहून अधिक विवाहांस मुभा आहे त्या धर्माच्या रीतीनें लागलेलें लग्न तेथील कायदा मानीत नाहीं. एक हिंदी मुसलमान गृहस्थ आपल्या पत्नीस तेथें नेऊं पाहत होते. तिच्या प्रवेशाचा हा खटला होता. या एका निकालानें तेथल्या बहुतेक सर्व हिंदी स्त्रिया, हिंदू काय आणि मुसलमान काय, कायद्याच्या दृष्टीनें पत्नीच उरल्या नाहींत. गांधीजींच्या सत्याग्रहांत स्त्रिया उतरल्या त्या यामुळें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत कस्तुरबांनीं परवान्यावांचून ट्रान्सवालची सरहद्द ओलांडून तीन महिन्यांची सक्तमजुरी पत्करली. नामदार गोखले त्याच्या आदल्याच वर्षीं तो देश डोळ्यांनीं पाहून आले होते, आणि या लढ्यासाठीं हिंदुस्थानांत पैसा उभा करण्याचा भार त्यांनींच वाहिला. १९१४ च्या कायद्यानें एकपत्नीक विवाह मान्य झाला, तेव्हां हा कलंक धुवून निघाला.

इंग्लंडांत १ जानेवारी १९४९ पासून लग्नामुळें स्त्रीचें राष्ट्रीयत्व जाणें बंद झालें. १९५७ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारानेंहि तेंच तत्त्व जगापुढें ठेवलें. हा मोठाच जय होय. परंतु एक गोष्ट आपल्या लक्षांत येत नाहीं. जुना कायदा स्त्रीला न विचारतां पतीच्या राष्ट्रांत ओढून नेई. त्यांत अन्याय होता, पण एकदां तेथें गेल्यावर तिचें स्थान पक्कें असे. नवा कायदा तिला स्वतंत्र व्यक्ति मानतो, आणि म्हणूनच तिला दाराशीं थांबवून विचारतो, "तुझा कागद कोठें आहे?" पुष्कळदां तिच्या हातीं असतो तो कागद पतीच्या कागदाची केवळ सावली असतो.

अमेरिकेंतील तीन वाटा

अमेरिकेंत जाणाऱ्या वधूचें स्थान मुलगा तेथें कोण आहे यावर अवलंबून असतें.

मुलगा नागरिक असेल तर वाट सर्वांत सरळ. नागरिकाच्या पत्नीला (किंवा पतीला) वार्षिक संख्येची मर्यादा नाहीं. अर्जाच्या तपासणीला लागेल तेवढाच वेळ लागतो. मात्र ती देशांत पोंचेल त्या दिवशीं लग्नाला दोन वर्षें पुरीं झालेलीं नसतील तर तिला मिळणारें ग्रीन कार्ड दोन वर्षांच्या मुदतीचें, अटीचें असतें. खोटीं लग्नें रोखण्यासाठीं १९८६ सालीं हा नियम झाला. मुदत संपण्यापूर्वींच्या नव्वद दिवसांत दोघांनीं मिळून अर्ज केला म्हणजे अट सुटते. नागरिकाबरोबर संसार करणाऱ्या व्यक्तीला कायम वास्तव्याच्या तीन वर्षांनंतर नागरिकत्वाचा अर्ज करतां येतो. इतरांना पांच वर्षें थांबावें लागतें.

मुलाजवळ ग्रीन कार्ड असेल तर पत्नीला संख्येची मर्यादा लागते, आणि रांगेंत उभें राहावें लागतें. लग्न होऊन पति तिकडे आणि पत्नी इकडे असा काळ जातो. किती जाईल हें त्या त्या वेळच्या रांगेवर अवलंबून. हा दुरावा सोसण्याची तयारी आहे काय, हें याद्या करण्यापूर्वींच दोघांनीं एकमेकांना विचारलें पाहिजे.

आपल्या ओळखीचीं बहुतेक मुलें तिसऱ्या वर्गांत मोडतात. तीं एच-१बी या नांवाच्या नोकरीच्या व्हिसावर असतात. त्यांच्या पत्नीला मिळतो तो एच-४. या व्हिसावर राहतां येतें, शिकतां येतें. नोकरी मात्र आपोआप करतां येत नाहीं. २६ मे २०१५ पासून कांहीं स्त्रियांना कामाचा परवाना मिळूं लागला; पण साधारणपणें पतीच्या मालकानें त्याच्या कायम वास्तव्यासाठीं केलेला अर्ज मंजूर झालेला असावा लागतो. शिवाय ही सवलत सरकारी खात्याच्या नियमानें आलेली आहे, कायदेमंडळाच्या कायद्यानें नव्हे. जें नियमानें येतें तें नियमानें जाऊंहि शकतें. नोकरीच्या मार्गानें मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याहि एका देशाला शेंकडा सातांहून अधिक वाटा मिळत नाहीं. त्यामुळें भारतीयांची रांग इतकी लांबली आहे कीं दहा-दहा वर्षें आणि त्याहूनहि अधिक काळ पाहुणेपणांतच जातो. बरोबर नेलेलें लहान मूल एकवीस वर्षांचें झालें आणि रांग संपलेली नसली, तर त्याला आईबापांच्या आधारावर राहतां येत नाहीं.

आमच्या नात्यांतील एक मुलगी अशीच गेली. पुण्याच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकवीत होती. तेथें सहा वर्षें घरीं बसली. पत्रांत तक्रार कधीं नसे. पण एकदां भेटीला आली असतां तिनें आपल्या आईला सांगितलें, "तेथें मला कोणी माझें नांव विचारीत नाहीं; कोणाची बायको तें विचारतात." पुढें पतीची नोकरी सुटली. अशा वेळीं नवा मालक शोधण्यासाठीं किंवा देश सोडण्यासाठीं फार तर साठ दिवस मिळतात, आणि ते साठ दिवस पत्नीला आणि मुलांनाहि लागू असतात. मुलाची शाळा, घराचा करार, गाडीचें कर्ज, सारें साठ दिवसांवर आलें. सुदैवानें त्याला पन्नासाव्या दिवशीं दुसरी नोकरी मिळाली. पण ते पन्नास दिवस तिच्या आईनें येथें आणि तिनें तेथें कसे काढले, तें त्या दोघींनाच ठाऊक.

याहून दारुण प्रसंगहि घडला आहे. २०१७ च्या फेब्रुवारींत कॅन्सस संस्थानांतील ओलेथ येथें एका भारतीय अभियंत्याची द्वेषानें गोळी घालून हत्या झाली. अंत्यसंस्कारासाठीं भारतांत आलेल्या त्यांच्या पत्नीपुढें शोकाच्या जोडीला आणखी एक प्रश्न उभा राहिला. पति गेला, त्याबरोबर त्या देशांत राहण्याचा आधारहि गेला. आतां परत जायचें कशाच्या बळावर? तेथील एका लोकप्रतिनिधीनें खटपट केली, तेव्हां त्यांना परत जातां आलें.

आणि हेंहि लक्षांत असावें कीं पत्नीला प्रवेश मिळणें हा नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे, असें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें जून २०२४ मध्यें स्पष्ट सांगितलें आहे.

इंग्लंडचा अनुभव

इंग्लंडची कथा निराळी, पण बोधप्रद आहे. १९७९ च्या जानेवारींत एक भारतीय शिक्षिका आपल्या वाग्दत्त वराशीं लग्न करण्यासाठीं लंडनच्या विमानतळावर उतरली. ती खरोखर अविवाहित आहे कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं तेथील अधिकाऱ्यांनीं तिची जी शारीरिक तपासणी करविली, तिचा उच्चार करतांनाहि लाज वाटते. वृत्तपत्रांनीं गवगवा केल्यावर ती प्रथा बंद झाली. भारतांतील ब्रिटिश कचेऱ्यांतूनहि असे प्रकार झाल्याचें पुढें सरकारी कागदांवरूनच उघड झालें.

त्या काळीं इंग्लंडांत पतीकडे जाणाऱ्या पत्नीपेक्षां पत्नीकडे जाणाऱ्या पतीला नियम अधिक कडक होते. १९८५ सालीं युरोपच्या मानवी हक्कांच्या न्यायालयानें हा स्त्रीपुरुषभेद अन्याय्य ठरविला. सरकारनें समता आणली खरी, पण ती पतींचे नियम सैल करून नव्हे, तर पत्नींचेहि आवळून! लग्नाचा मुख्य हेतु देशांत शिरण्याचा नाहीं हें अर्जदारानें सिद्ध करावें, अशीहि एक अट होती. ती १९९७ सालीं गेली. २०१२ पासून मात्र तेथें उत्पन्नाची अट आहे. पति किंवा पत्नीला बोलावणाऱ्याचें वार्षिक उत्पन्न तेव्हां १८,६०० पौंड असावें लागे. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांसाठीं ही रक्कम २९,००० पौंड करण्यांत आली. म्हणजे पूर्वीं वधूच्या शीलाची शंका घेत, आतां वराच्या पगाराचा हिशेब मागतात. दोहोंतला दुसरा प्रकार निःसंशय बरा. परंतु पगार कमी म्हणून दोन देशांत विभागलेलीं कुटुंबें त्यानेंहि निर्माण केलीं आहेत.

आपल्या घरचा कायदा

परक्यांना नांवें ठेवण्यापूर्वीं आपण आपलें अंगण पाहावें. १९५५ च्या आपल्या नागरिकत्वाच्या कायद्यांत भारतीयाशीं विवाह केलेल्या स्त्रियांना नोंदणीची सोय होती. भारतीय स्त्रीच्या परदेशी पतीला ती नव्हती. हा भेद पुढें १९८६ सालीं गेला. परदेशांत जन्मलेल्या मुलाला वंशपरंपरेनें नागरिकत्व मिळे तेंहि केवळ बापाकडून. आईकडून मिळूं लागलें तें १० डिसेंबर १९९२ पासून. आज भारतीयाशीं विवाह केलेल्या परदेशी व्यक्तीला अर्ज करण्यापूर्वीं सात वर्षें येथें वास्तव्य करावें लागतें. आपण ज्याला ओसीआय कार्ड म्हणतों तें परदेशी सुनेला किंवा जांवयाला लग्न नोंदवून तें सलग दोन वर्षें टिकल्यावर मागतां येतें, आणि घटस्फोट झाल्यास तें रद्द होऊं शकतें. म्हणजे बोट धरून आलेल्या पाहुण्याचा वर्ग आपल्याकडेहि आहेच.

आपल्या मुलींच्या दृष्टीनें महत्त्वाचें कलम नववें. आपखुशीनें दुसऱ्या देशाचें नागरिकत्व घेतलें कीं भारताचें जातें. दोन्ही ठेवतां येत नाहींत. ओसीआय कार्ड हें नागरिकत्व नव्हे. त्यावर येथें राहतां येतें, पण मत देतां येत नाहीं, शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. तेथें जन्मलेल्या नातवंडाला भारतीय ठेवायचें असेल तर वर्षाच्या आंत वकिलातींत त्याच्या जन्माची नोंद करावी लागते.

घर मोडलें तर

हा विषय शुभकार्याच्या वेळीं काढूं नये अशी आपली रीति आहे. पण न काढल्यानें तो टळत नाहीं. एच-४ वरच्या स्त्रीचा घटस्फोट झाला कीं तिच्या वास्तव्याचा आधार संपतो. अटीच्या ग्रीन कार्डावरच्या स्त्रीला मात्र, लग्न प्रामाणिकपणें केलें होतें हें दाखवितां आल्यास, किंवा छळ झाला असल्यास, एकटीला अर्ज करतां येतो. नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीला छळाच्या कारणावरून, पतीला कळूं न देतां, स्वतःचा अर्ज करण्याची सोय १९९४ च्या कायद्यानें झाली आहे. पत्नीला कायम वास्तव्यासाठीं नेतांना पति तिच्या निर्वाहाचें जें हमीपत्र लिहून देतो, तें केवळ घटस्फोटानें संपत नाहीं. हीं कवचें मजबूत आहेत. पण तीं पहिल्या दोन वाटांनीं गेलेल्या स्त्रियांसाठीं. तिसऱ्या वाटेनें गेलेलीला तीं फारच तोकडीं पडतात.

आणि पतीनें तेथल्या न्यायालयांतून एकतर्फी हुकूम मिळविला म्हणजे सर्व संपलें, असेंहि नाहीं. १९९१ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें मिसूरी येथील न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूम मानण्यास नकार दिला. ज्या कायद्यानें लग्न लागलें त्यांत नसलेल्या कारणावरून, आणि पत्नीनें अधिकार मान्य केलेला नसतांना दिलेला हुकूम येथें बंधनकारक नाहीं, असें तत्त्व त्या निकालांत घालून दिलें आहे.

सप्तपदीपूर्वींचे सात प्रश्न

बैठकीच्या दिवशीं काकांनीं मुलाला एक वही दिली आणि सात प्रश्न सांगितले. तेच येथें देतों.

पहिला, मुलाचा स्वतःचा दर्जा कोणता आणि त्याची मुदत केव्हां संपते? तोंडी उत्तरावर न थांबतां कागद पाहावा. दुसरा, मुलीचा दर्जा कोणता राहील. तिला नोकरी करतां येईल काय, आणि केव्हांपासून? तिसरा, कायम वास्तव्याचा अर्ज झाला आहे काय, आणि रांगेंत त्याची तारीख कोणती? चौथा, नोकरी गेली तर पुढचा बेत काय? पांचवा, लग्नाची नोंदणी लगेच होईल ना, आणि पासपोर्ट, पदव्या, दाखला यांचे मूळ कागद मुलीच्याच हातीं राहतील ना? (येथें एक सूचना. लग्नांत मुलीचें नांव बदलण्याची आपली जुनी हौस असेल तर ती तांदुळांच्या ताटापुरतीच ठेवावी. दाखल्यावर एक नांव आणि पासपोर्टावर दुसरें, यानें मोठा घोळ होतो.) सहावा, मुलें झालीं तर त्यांचें नागरिकत्व कोणतें असावें? सातवा, तिच्या नांवावर परत येण्याच्या भाड्याइतके पैसे नेहमीं असतील ना?

शेवटचा प्रश्न ऐकून मुलाच्या आईंना वाईट वाटलें असावें. त्या म्हणाल्या, "काका, इतका अविश्वास?" काका शांतपणें म्हणाले, "विहीणबाई, पत्रिका पाहतांना आपण कोणावर अविश्वास दाखवितों काय? ग्रह पाहायचे ते पाहिले. आतां कागद पाहूं. माझा या मुलावर विश्वास आहे; पण तिकडचा अधिकारी माझ्या विश्वासावर शिक्का मारणार नाहीं."

मुलानें तेथेंच बसून सातहि उत्तरें लिहिलीं, आणि खरीं लिहिलीं. कायम वास्तव्याचा अर्ज अजून झालेला नव्हता. म्हणजे मुलीला निदान कांहीं वर्षें नोकरी नाहीं. आमची पुतणी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर आहे, पुण्यांत चांगल्या कामावर आहे. ती इतका वेळ दाराशीं उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "आजोबा, मला लग्न करायचें आहे, आणि यांच्याशींच करायचें आहे. पण मी हात बांधून बसणार नाहीं. मी तेथल्या विद्यापीठांत स्वतः प्रवेश मिळवितें आणि माझ्या नांवाच्या व्हिसावर जातें. त्याला वर्ष लागेल." मुलगा म्हणाला, "मग मुहूर्त वर्षानें काढूं."

पंचांग मिटलें तें असें. लग्न मोडलें नाहीं. मुहूर्त पुढें गेला एवढेंच. हल्लीं ती रोज रात्रीं जेवणें झाल्यावर अभ्यासाला बसते, आणि काका अधूनमधून तिच्या खोलींत डोकावून विचारतात, "काय म्हणतो तुझा कागद?" तिच्या अर्जाचें उत्तर अजून यावयाचें आहे. तें काय येईल तें येवो. पण जातांना ती कोण म्हणून जाते आहे, हें तिला नक्की ठाऊक असेल.